परसातील मांडव : आधी पाया, मग वेल

मुंबई–गोवा महामार्गावर पेण मागे टाकले की वडखळ लागते आणि तेथूनच अलिबागचा रस्ता फुटतो. या नाक्याच्या आसपासच्या गावांत पावसाळ्यात परसाकडे नजर टाकली तर वेलाचा मांडव हमखास दृष्टीस पडतो. कोठे कारली, कोठे पडवळ, कोठे शिराळी, कोठे दुधी. घरच्या कालवणाची सोय होते, उरलेली भाजी बाजारात जाते आणि तिचे चार पैसे घरातील स्त्रीच्या हाती येतात. अलिबागच्या वाटेवर शहरवासीयांनी बांधलेल्या बंगल्यांच्या आवारातही हाच मांडव लोखंडी किंवा लाकडी रूपात दिसतो. तेथे त्याला पर्गोला म्हणतात. नाव निराळे असले तरी काम तेच : वेलाला आधार द्यावयाचा व खाली सावली करावयाची. फरक एवढाच की, पर्गोला उभारण्यापूर्वी कागदावर त्याचा आराखडा काढला जातो, आणि परसातील मांडव वेलाला ताणे फुटू लागले म्हणजे घाईघाईने उभा केला जातो. तहान लागल्यावर विहीर खणण्यापैकीच हा प्रकार होय.

या घाईची किंमत श्रावण-भाद्रपदात मोजावी लागते. मृगाच्या पावसावर टोकलेले बी साधारण दीड-दोन महिन्यांत मांडव भरून टाकते. श्रावणातील उपासतापास व पुढे गणपतीचे दिवस यांमुळे भाजीला मागणी असते ती नेमकी याच वेळी. वेलावर पाने, फुले व फळे यांची दाटी असते, ती पावसाने निथळत असते आणि खालची जमीन महिना-दोन महिने पाणी पिऊन मऊ झालेली असते. म्हणजे मांडवावरील भार जेव्हा सर्वांत अधिक, तेव्हाच त्याच्या खांबांना धरणारी माती सर्वांत दुबळी. अशा वेळी रात्री वाऱ्याचा एक झोत आला की मांडव बसतो. बसलेला मांडव पुन्हा उचलता येतो, परंतु पिळवटलेले व मुळाशी हिसका बसलेले वेल पुन्हा उभे राहत नाहीत. हंगाम तेथेच संपतो.

मांडव पडला की दोष वाऱ्याला दिला जातो. हे निदान अपुरे आहे. वारा दरवर्षीच येतो. मांडव मात्र काही ठिकाणी पडतो व काही ठिकाणी उभा राहतो. यामागील कारण शोधावयाचे तर वर पसरलेल्या वेलाकडे न पाहता खांबाच्या तळाकडे व मांडवाच्या कडेकडे पाहिले पाहिजे.

साहित्य बदलले, पाया बदलला नाही

जुन्या माणसांचा मांडव काटक्या-वाशांचा असे. खांब जवळजवळ, त्यांच्यावर आडवे वासे, वाशांवर बांबूच्या कामट्या व त्यांच्यावर झाडाच्या फांद्या, अशी त्याची रचना होती. या मांडवाचा भार सरळ खाली जमिनीवर जाई. खांब ओढला जात नसे, तो फक्त दाबला जाई. त्यामुळे हात-दीड हात खोल रोवलेला खांबही एक हंगाम निभावून नेई. शिवाय दरवर्षी नवे लाकूड मिळत असे व नवा मांडव बांधण्यास घरात हातही असत.

आज परिस्थिती तशी राहिलेली नाही. जंगलातून हवे तेवढे लाकूड आणता येत नाही. घरातील तरुण माणसे कारखान्यात किंवा शहरात नोकरीस जातात. म्हणून खांब कमी झाले, त्यांच्यामधील अंतर वाढले, आणि वाशांच्या जागी जस्ताचा मुलामा दिलेली तार व नायलॉनची जाळी आली. हा बदल स्वागतार्ह आहे. तारेचा मांडव हलका असतो, त्यावर ऊन-वारा चांगला खेळतो व तार अनेक वर्षे वापरता येते. परंतु तारेचा एक धर्म ध्यानात घेतला जात नाही. वासा भार पेलतो तो वाकण्यास विरोध करून. तार भार पेलते ती दोन्ही टोकांना ओढून. वाशांच्या मांडवाला जो पाया पुरत होता तोच तारेच्या मांडवाला पुरेल, ही समजूत चुकीची आहे आणि मांडव पडण्याचे खरे मूळ येथे आहे.

भाराचा साधा हिशोब

हे म्हणणे आकड्यांनी तपासून पाहावे. समजा, एखाद्या घरी २० फूट लांब व २० फूट रुंद, म्हणजे ४०० चौरस फुटांचा मांडव घालावयाचा आहे. हे क्षेत्र एका गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक भरते. दर १० फुटांवर खांब धरल्यास तीन ओळींत तीन, असे नऊ खांब लागतील. ओल्या वेलाचा व फळांचा भार हिशोबापुरता चौरस फुटास एक किलो धरू. एकूण भार ४०० किलो झाला. मधल्या एका खांबाच्या वाट्याला त्यातील १०० किलो येतात, कडेच्या मधल्या चार खांबांच्या वाट्याला प्रत्येकी ५० किलो व कोपऱ्याच्या चार खांबांच्या वाट्याला प्रत्येकी केवळ २५ किलो.

हा हिशोब पाहून मनुष्य साहजिकच सर्वांत जाड खांब मध्यभागी लावतो व कोपऱ्यावर किडकिडीत खांब लावून काम भागवतो. पण मधल्या खांबाला चारी दिशांनी तारा सारख्याच ओढतात, त्यामुळे ती ओढ आपसांत फिटते. कडेच्या खांबाला मात्र तारा एकाच बाजूला, म्हणजे आत ओढतात. कोपऱ्याचा खांब तर दोन बाजूंनी तिरका आत ओढला जातो. तेव्हा ज्या खांबांवर वजन कमी, त्यांच्यावरच ओढ अधिक, असा हा उलटा व्यवहार आहे. मांडव मधून खचत नाही. त्याच्या कडा आत कलतात व मग सगळे छत खाली येते.

तार किती ओढते याचाही अंदाज बांधता येतो. वरील मांडवात दर दीड फुटावर एकाच दिशेने तार ताणली व सर्व भार तिनेच पेलावयाचा असे धरले, तर १० फुटांच्या गाळ्यात मधोमध सहा इंच झोळ असताना एका तारेची ओढ सुमारे ३८ किलो भरते. तीच तार अधिक आवळून झोळ तीन इंचांवर आणला तर ओढ दुप्पट, म्हणजे ७५ किलो होते. तार जितकी ताठ तितका मांडव भक्कम, अशी समजूत सर्वत्र आहे. प्रत्यक्षात तार गरजेपेक्षा अधिक आवळणारा मनुष्य आपल्याच हाताने कोपऱ्याचा खांब उपटीत असतो. दहा फुटांच्या गाळ्यास चार ते सहा इंचांचा झोळ अवश्य ठेवावा. तारा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी घातल्या तर भार वाटला जाऊन प्रत्येक तारेची ओढ कमी होते.

यातूनच आणखी एक उपयुक्त गोष्ट निघते. खांबांमधील अंतर निम्मे केले व झोळ तितकाच ठेवला, तर तारेची ओढ चौथ्या हिश्श्यावर येते. चांगले जाड खांब मिळत नसतील तर अंतर कमी करून अधिक बारीक खांब लावणे शहाणपणाचे ठरते. जुन्या मांडवात खांब जवळ असत, त्याचे शास्त्र हेच.

वाऱ्याचा हिशोब याहून कडक आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता व झोत १२० पर्यंत गेले होते. त्यापूर्वी ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले होते. एक पावसाळ्याच्या तोंडाशी आले, दुसरे पावसाळा संपल्यावर. अशा वादळास तोंड देईल एवढा बळकट मांडव परसात बांधणे परवडणारे नाही व तशी अपेक्षाही नाही. त्या वेळी इशारा मिळताच तयार फळे उतरवून घेणे व माणसांनी मांडवापासून दूर राहणे एवढेच हाती असते. परंतु नेहमीच्या पावसाळी झोतांनी मांडव पडू नये, एवढी तयारी प्रत्येक शेतकऱ्यास करता येण्याजोगी आहे.

जागा निवडताना

वडखळच्या परिसरात जमीन एकसारखी नाही. धरमतरच्या खाडीकडे व अंबा नदीच्या काठाकडे खार जमिनी आहेत. त्यांची चिकण माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात लोण्यासारखी मऊ होते. डोंगराच्या बाजूस वर जावे तसा मुरूम व दगड लागू लागतो. एकाच मापाचा खड्डा या दोन्ही ठिकाणी चालणार नाही.

शक्य असल्यास मांडव घराच्या पूर्वेस घालावा. पावसाळी वारा पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो. घराचा आडोसा मिळून त्याचा जोर मोडतो आणि वेलास सकाळचे ऊन मिळते. घराच्या उत्तरेस अगदी भिंतीलगत मांडव घातल्यास हिवाळ्यात वेल सावलीत येतात, हे पुढे वालासारखे पीक घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मांडवाच्या तारा घराच्या वाशांना किंवा पडवीच्या खांबांना बांधू नयेत. मांडव कलला तर तो घराची कौले घेऊन खाली येतो. विजेच्या तारांखाली मांडव घालू नये. विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला मांडवाची तार कधीही बांधू नये. ओल्या मांडवाच्या तारेत वीज उतरली तर भाजी तोडणाऱ्या माणसाच्या प्राणावर बेतते.

मांडवाची उंची सहा ते साडेसहा फूट पुरे. याहून उंच मांडव वारा अधिक धरतो व भाजी तोडण्यास स्टूल लागते. पडवळाची फळे लांब लोंबतात म्हणून त्यासाठी अर्धा फूट अधिक ठेवण्यास हरकत नाही. फळ सरळ वाढावे म्हणून त्याच्या टोकाला खडा बांधण्याची चाल आहे, तिचाही विचार उंची ठरविताना करावा.

खांब, कोपरा आणि तणावा

साडेसहा फूट उंचीसाठी नऊ फूट लांबीचा खांब घ्यावा व त्यातील अडीच फूट जमिनीत जावे. मुरमाड जमिनीत दोन फूट चालेल. चिकण जमिनीत मात्र अडीच फुटांहून कमी नको. खड्ड्याच्या तळाशी सपाट दगड ठेवावा, म्हणजे खांब भाराने खाली रुतणार नाही. खांबाच्या तळाजवळ हातभर लांबीचा आडवा तुकडा पक्का ठोकावा, म्हणजे वाऱ्याने खांब वर उपटला जाणार नाही. नंतर दगड-मुरूम थराथराने घालून पहारीने ठासावा. निघालेली माती तशीच सैल लोटून पायाने दाबणे म्हणजे पहिल्याच पावसाला खांब हलविण्याचे निमंत्रण देणे होय. खांबाभोवती मातीचा उतरता ओटा करावा, म्हणजे पाणी बुंध्याशी थांबणार नाही.

लाकडी खांब कुजतो तो जमिनीच्या पृष्ठभागाशी, कारण ओल व हवा ही दोन्ही तेथे एकत्र मिळतात. म्हणून खांबाच्या जमिनीतील भागास आणि जमिनीवर अर्ध्या फुटापर्यंत डांबराचा हात द्यावा. बांबू घ्यावयाचा तर तीन वर्षांहून अधिक वयाचा, थंडीच्या दिवसांत तोडलेला व काही दिवस पाण्यात भिजवून वाळविलेला घ्यावा; त्याला भुंगा कमी लागतो. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. लोखंडी खांब वापरणाऱ्यांनी दरवर्षी रंगाचा हात चुकवू नये.

ज्यांना दोन वर्षे थांबता येईल त्यांनी पांगारा किंवा गिरिपुष्प यांचे जिवंत खांब करावेत. पावसाच्या आरंभी लावलेली जाड फांदी मूळ धरते. जिवंत खांब कुजत नाही आणि छाटलेला पाला खतास येतो. मात्र मुळे नीट धरेपर्यंत अशा खांबावर तारेची ओढ टाकू नये.

कोपऱ्याचे व कडेचे खांब सरळ न रोवता थोडे बाहेर कलते रोवावेत आणि प्रत्येकास बाहेरून तणावा द्यावा. नाशिककडील द्राक्षांच्या मांडवात कडेचे खांब बाहेर कललेले व जमिनीत पुरलेल्या दगडांना तारेने जखडलेले दिसतात, ते याच कारणासाठी. तमिळनाडूत कारली-पडवळासाठी दगडी खांबांचे कायमचे मांडव उभे केले जातात, तेथेही कडेच्या खांबाची काळजी वेगळी घेतली जाते. तणाव्याचा दगड खांबाच्या बुंध्यापासून मांडवाच्या उंचीइतक्या अंतरावर गाडावा. दीड फूट लांब-रुंद सपाट दगड तीन फूट खोल गाडला तर त्यावर सुमारे पावणेसात घनफूट माती बसते. ओली माती घनफुटास ५० किलो धरल्यास हे वजन सव्वातीनशे किलोंच्या पुढे जाते. कडेच्या खांबाची ओढ सांभाळण्यास ते पुरेसे आहे. उथळ ठोकलेल्या खुंटीला हे बळ येत नाही.

येथे खार जमिनीच्या शेतकऱ्यांनी सावध राहावे. खड्डा पाण्याने भरला की पाण्यातील मातीचे परिणामी वजन जवळजवळ निम्मे होते व तणाव्याचा आधार तेवढाच दुबळा होतो. अशा ठिकाणी तणाव्यावर सगळी भिस्त ठेवू नये. खांबांचे अंतर पाच-सहा फुटांवर आणावे, आणि मांडवाच्या चारी कडांना खांबांच्या डोक्यावरून जाड वासा बांधून चौकट पुरी करावी. तारांची बरीचशी ओढ ही चौकटच आपल्यात जिरवते. ज्यांच्या परसात तणाव्यासाठी बाहेर जागा नाही त्यांनीही हाच मार्ग धरावा, किंवा कडेच्या खांबास आतील बाजूने तिरका टेकू द्यावा.

आणखी एक चूक जागोजाग दिसते. वेलाला चढण्यास सोपे जावे म्हणून आळे खांबाच्या अगदी बुडाशी केले जाते. त्या आळ्यात शेणखत पडते, मोरीचे पाणी सोडले जाते, माती वारंवार उकरली जाते. म्हणजे खांबाला धरून ठेवणारी माती सैल व ओली राहण्याची कायमची व्यवस्था होते. आळे खांबापासून किमान दोन फूट दूर असावे व वेल सुतळीने किंवा काठीने वर न्यावा.

आक्षेप आणि उत्तर

एवढ्याशा भाजीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. खर्चाचा हा आक्षेप क्षुल्लक मानता येणार नाही. ज्या घरी मांडवाची गरज सर्वांत अधिक, त्याच घरी पैसा सर्वांत कमी असतो. परंतु वर सांगितलेल्या गोष्टींपैकी बहुतेकांस पैसा लागत नाही. खड्डा अर्धा फूट अधिक खोल घेणे, दगड-मुरूम ठासणे, कोपऱ्याचा खांब बाहेर कलता रोवणे, जुना दगड गाडणे, तारेला झोळ ठेवणे, आळे दूर करणे, यांस श्रम व आधी केलेला विचार एवढेच लागते. पैसे थोडे असतील तर मांडव लहान करावा. चारशे चौरस फुटांचा कच्चा मांडव घालण्यापेक्षा दोनशे चौरस फुटांचा पक्का मांडव चार हंगाम अधिक उत्पन्न देतो, आणि पुढील वर्षी त्यालाच जोडून एक गाळा वाढविता येतो.

दुसरी गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मनावर घ्यावयाची आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समुदाय विकास योजना सुरू झाली तेव्हापासून विस्तारकार्याचा भर सुधारित बियाण्यावर व खतावर राहिला. तो योग्यच होता. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कारल्याची कोकण तारा, शिराळ्याची कोकण हरिता व पडवळाची कोकण श्वेता ही वाणे दिली आहेत. पण चांगले वाण म्हणजे अधिक फळे व अधिक फळे म्हणजे मांडवावर अधिक भार. सुधारित बी देऊन मांडव पूर्वीचाच ठेवणे म्हणजे बैल तगडा आणून जू जुनेच ठेवण्यासारखे आहे. बियाण्याच्या पुडीबरोबर खांबाच्या खड्ड्याचे माप सांगितले गेले पाहिजे.

हे माप तोंडाने सांगून भागणार नाही. गावात एका परसात, उन्हाळ्यात, सर्वांदेखत एक खांब रोवून व एक दगड गाडून दाखवावा. शेजारीच जुन्या पद्धतीने एक खांब रोवावा आणि पाऊस पडून गेल्यावर दोन्ही खांब लोकांनाच हलवून पाहू द्यावेत. याहून बोलके प्रात्यक्षिक नाही. या वेळी घरातील स्त्रियांस अवश्य बोलवावे, कारण वेल लावणे, पाणी घालणे व भाजी तोडणे ही कामे बहुधा त्याच करतात आणि मांडव पडल्यास नुकसानही प्रथम त्यांचेच होते.

कामाचा क्रम ठरलेला असावा. थंडीत बांबू तोडून ठेवावा. चैत्रात जागा मोजून दोरी धरावी व खांबांच्या खुणा कराव्यात. वैशाखात खड्डे खणून खांब व तणावे उभे करावेत, म्हणजे पावसापूर्वी माती बसण्यास वेळ मिळतो. तारा व जाळी शेवटी. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कोपऱ्याचा प्रत्येक खांब हाताने हलवून पाहावा. हलला तर त्याच दिवशी मुरूम ठासावा. ज्या परसात मृगापूर्वी चारी कोपरे पक्के झाले आहेत, तेथे बी टोकण्यास हरकत नाही. जेथे झाले नाहीत, तेथे बी आठ दिवस थांबले तरी चालेल. खांब थांबता उपयोगी नाही.